लाडूबाई खारविणीचे तावदान आणि नारोपंतांची पहाडस्वारी

श्री. वाट घालून देणारास आणि वारा वळवून देणारास त्रिवार नमस्कार करोन, जे घडले तितुकेच सांगतो, पदरचे घालीत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, आश्विन वद्य प्रतिपदा, ते दिवशी समुद्रकाठचे राज्याचे वकील राजश्री नारोपंत हातवळणे यांणी भर सदरेत महाराजांस मुजरा करोन अर्ज केला की, "महाराज, वकिली आता दुसऱ्यास द्यावी. माझा शब्द वाऱ्याने नेला." याचे कारण ऐसे की, काठचे राज्य आणि पहाडचे राज्य यांचा स्नेह सात पिढ्यांचा; काठचे मीठ पहाडास चढावे आणि पहाडचे लाकूड काठास उतरावे, त्या मिठाने तिकडील गुरेमाणसे जगावी आणि त्या लाकडाच्या इकडे होड्या व्हाव्या. मध्ये एक खिंड, आणि त्या खिंडीचा करार दर तिसरे वर्षी नवा करावा, आणि तो कागदी नव्हे, मुखी करावा. कां की कागदावर मागाहून अक्षर घालता येते, बोललेला शब्द मात्र दोन हजार कानांत जाऊन बसतो, ऐसे दोहींकडील वडिलांचे मत. अंतर सहाशे कोस. पहाडाचे वेशीशी झुलता पूल, रुंदी तीन हात, त्याजवरून चारचाकी जात नाही, आणि घोडा पाठवावा तर दोन महिने लागतात. म्हणोन वकिलाने फटफटीवर जावे ऐसा शिरस्ता पडला. आणि सरकारी पागेतील फटफटी म्हणजे अगदी उघडी. पुढे एक दिवा, वर धरावयास दोन शिंगे, मध्ये धडधडणारे काळीज, आणि स्वाराचे छातीपुढे आडोसा म्हणोन झाडाचे पानही नव्हे.

तर गेले वर्षी पंत वकील होवोन प्रथमच त्याच उघड्या फटफटीवर पहाडास गेले. शिरस्त्राण होते, लोकरी गळपट्टा होता, दोन अंगरखे होते, तरी समोरून येणारा ताशी पंचवीस कोसांचा वारा सूर्योदयापासोन सूर्यास्तापर्यंत आठ दिवस छातीवर बसला, आणि सातवे दिवशी वारपठार लागले, जेथे झाड उभे राहत नाही आणि गवतही आडवे उगवते, तेथे तो वारा गळपट्ट्याचे फटीतून शिरोन हाडास पोहोचला. मग पंत पहाडचे सदरेत उभे राहिले. समोर दगडी चौथऱ्यावर पहाडच्या राणी उमाऊसाहेब, वय वर्षे बहात्तर, आणि भोवती दोन हजार माणूस. पंतांनी तोंड उघडिले, तो जबडा हलेना, कानांत घंटा वाजती, ओठ फुटलेले, आणि घशातून शब्द न येता खुडुक कोंबडीने करकरावे तैसा एक आवाज निघाला. कोणी एक हसला, मग दोन हजार हसले. उमाऊसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्या गरजल्या, "काठच्या राजाने मजकडे मुका धाडिला! मुक्याचा करार मुका. खिंड बंद!" दोन दिवसांनी पंतांचा गळा मोकळा जाहला, परंतु एकदा भरलेल्या सदरेत जो बोल बोलला नाही तो वर्ष उलटेपर्यंत ऐकून घ्यावयाचा नाही, हा तिकडील रिवाज, सबब पंत परतले. आणि वर्षभर खिंड बंद राहिली, आणि काठास लाकूड येईना म्हणोन होड्यांचे सांगाडे वाळूत तैसेच पडिले, आणि पहाडास मीठ नाही म्हणोन गुरे भिंती चाटू लागली, ऐशा बातम्या येत, आणि पंतांस जेवताना पानातील मिठाकडे पाहवेना.

म्हणोन त्यांणी वकिली सोडू म्हटले. परंतु महाराज बोलिले, "पंत, दुसरा वकील पाठविला तर ती बाई म्हणेल, पहिला खरोखर मुकाच होता, म्हणोन बदलिला. तुम्हीच बोलिले पाहिजे, आणि मार्गशीर्ष सरण्याआधी बोलिले पाहिजे. पुढे खिंडीत बर्फ पडते ते चैत्रापर्यंत वितळत नाही, आणि तोवर पहाडचे एक जनावर वाचणार नाही. कैसे जावे ते तुम्ही पाहा." पागेचे दरोगे दौलतजी म्हणोन होते, ते मिशीवर हात फिरवोन म्हणाले, "फटफटीस आडोसा बांधू नका म्हणजे जाहले. वाघास झूल घालू नये. वारा सोसवत नसेल तर छाती करावी." पंतांस हे फार टोचले, कां की तरुणपणी हेच बोल ते स्वतः चारचौघांत बोलत आले होते.

मग पंत उदास होवोन बंदरावर गेले, आणि तेथे एक नवल पाहिले. लाडूबाई खारवीण म्हणोन एक बाई, वय पंचेचाळीस, बापामागे शिडांचा आणि होड्यांच्या तावदानांचा कारखाना चालवी, ती एका होडीत बसोन गिऱ्हाइकाशी बोलत होती. समुद्रावरून वारा ऐसा सुटला होता की पंतांस तिचे ओठ हललेले दिसती परंतु अक्षर ऐकू येईना. पंत एक पाऊल पुढे सरोन होडीच्या कडेशी उभे राहिले, तो एकाएकी वारा नाहीसा जाहला, आणि बाईचे बोलणे शेजघरात बोलावे तैसे स्पष्ट ऐकू आले. पाहतात तो होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढील टोकावर, हातभर उंचीचे एक पारदर्शक तावदान, मागे कललेले. वारा त्याजवर चढोन डोक्यावरून निघोन जात होता. पंत विचारिते जाहले, "बाई, हे तावदान फटफटीस बसेल काय?" ती म्हणाली, "तावदान कशासही बसते, पंत. वारा बसतो काय ते पाहायचे." पंतांनी सारी हकीकत सांगितली, आणि बाई वाळूतील सांगाड्यांकडे पाहोन म्हणाली, "माझा कारखानाही त्याच खिंडीत अडकला आहे. उद्या फटफटी घेवोन या."

पहिले तावदान तिने माणसाचे डोक्याएवढे उंच केले आणि फटफटीचे शिंगांस आवळिले. पंत खाडीचे पुलावरून भरधाव निघाले. तो वारा तावदानावरून उडी मारोन पाठीमागून डोक्यावर आला आणि डोके शिरस्त्राणात डमरूसारखे हलू लागले. आणि इतक्यात तावदानाने शिंगे धरिली, शिंगे थरथरू लागली, फटफटी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ऐसे झोके घेवोन पुलाखाली वाळूत गेली, आणि पंत दैव बलवत्तर म्हणोन कोपर खरचटण्यावर निभावले. लाडूबाई धावत आली. आधी तिने पंतांस उचलिले, मग तुकडे उचलिले, आणि खरे सांगावे तर तुकड्यांस अधिक वेळ न्याहाळिले. दौलतजी काठावर उभे होते, ते म्हणाले, "वाघाने झूल फाडिली." परंतु बाई आपल्याच कपाळावर हात मारोन बोलिली, "चूक माझी, पंत. शीड कधी कोणी सुकाणूस बांधिते काय? शीड डोलकाठीस बांधावे!" आणि दुसरे तावदान तिने शिंगांस न लाविता फटफटीचे सांगाड्यासच लोखंडी कांबींनी जखडिले, म्हणजे शिंगे मोकळी राहिली आणि थरथर गेली. परंतु डोके अद्याप हले.

मग तिने लाल लोकरीचे वीतभर धागे तावदानास, पंतांचे खांद्यांस आणि शिरस्त्राणास चिकटविले, आणि दौलतजींस म्हणाली, "दरोगेसाहेब, तुमचे फटफटीवर मागे बसते, पंतांचे अंगाअंगाने चालवा." दौलतजींस नाही म्हणवेना. दोन्ही फटफटी शेजारी शेजारी धावू लागल्या, आणि बाई पाहते तो कडेचे धागे सरळ मागे वाहतात, परंतु तावदानामागील धागे उलटे, पुढे तोंड करोन उभे! ती ओरडली, "थांबवा, समजले!" मग खाली उतरोन म्हणाली, "मागे पोकळी पडते, पंत, आणि पोकळी वाऱ्यास बोलाविते. वाऱ्यास अगदीच बाहेर ठेविले तर तो मागल्या दाराने येवोन भांडतो. थोडासा आपणच पुढल्या दाराने आत घ्यावा." ऐसे म्हणोन तिने तावदानाचे पायथ्याशी चार बोटे फट कापिली, आणि उंची उतरवोन पंतांचे नाकापर्यंत आणिली, कां की तावदानातून पाहू नये, तावदानावरून पाहावे, पाऊस चिखल उडाला तरी दृष्टी मोकळी राहते. तेलाचे डबे कापोन मुठींपुढे दोन ढाली केल्या, आणि जाड शिडाचे कापड शिवोन गुडघ्यांपुढे बांधिले.

आणि कार्तिक वद्य द्वितीयेस सकाळी पंत पुन्हा त्या पुलावरून निघाले. वेग वाढविला, आणखी वाढविला, आणि मग जे जाहले ते सांगताना पंतांचे डोळे आजही भरोन येतात. वारा होता; दोहों बाजूंस पाणी त्याने पिंजले जात होते, काठचे माड वाकले होते; परंतु मध्ये, दोन हात जागेत, देवघरातील समईची ज्योत हलू नये ऐसी शांतता होती. पंतांस यंत्राचा एकेक ठोका वेगळा ऐकू आला. आपला श्वास ऐकू आला. एक बगळा शेजारून उडत होता, त्याच्या पंखांची फडफड ऐकू आली. तीस वर्षे ते या रस्त्याने गेले होते, आणि रस्त्यास आवाज असतो हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांणी हळूच, स्वतःशी बोलावे तैसे म्हटले, "मीठ चढो, लाकूड उतरो," आणि ते शब्द कानी पडताच फटफटी कडेस उभी केली, आणि तावदानास हात जोडोन कितीक वेळ बसोन राहिले. दौलतजी मागोन आले. आपले चामडी हातमोजे काढोन पंतांचे मांडीवर ठेविले आणि निघोन गेले.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस पंतांनी कूच केले. तिसरे दिवशी पाऊस लागला, पाचवे दिवशी गारा पडिल्या, त्या तावदानावर लाह्यांसारख्या फुटोन उडोन गेल्या. सातवे दिवशी वारपठार आले. तेथे वारा समोरून न येता बगलेतून आला, आणि तावदान म्हणजे शीडच की, त्याने फटफटी दरीकडे लोटिली. पंतांनी देवाचे नाव घेवोन वेग उतरविला, अंग वाऱ्याकडे टाकिले, आणि चार कोस ऐसे तिरकेच कापिले. उजवीकडे आकाश, डावीकडे आकाश, खाली ढग, आणि ढगांवर एका स्वाराची आणि एका तावदानाची सावली धावते आहे, ऐसा तो देखावा. पंतांस वाटले, आपण पृथ्वी सोडोन निघालो. मग झुलत्या पुलावरून फटफटी हाताने लोटीत नेली आणि आठवे दिवशी दोन प्रहरी पहाडचे सदरेत दाखल जाहले.

उमाऊसाहेब गरजल्या, "मुका परत आला काय?" पंत पुढे होवोन स्वच्छ बोलिले, "मुका नव्हतो, राणीसाहेब. वाऱ्याने शब्द नेला होता." राणी उठोन उभी राहिली. "आमच्या वाऱ्यावर दोष ठेवितोस? आम्ही त्यात जन्मलो, त्यात म्हातारे जाहलो, आणि आम्ही बोलतो!" दोन हजार माणसांनी "बोलतो!" म्हणोन आरोळी दिली. परंतु पंत पाहत होते की त्या मुलखात आई लेकरास हाक मारिते तीही ओरडोन आणि शेजारी शेजाऱ्याचे कुशल पुसतो तेही ओरडोन, आणि मुखातून निघोन गेले, "राणीसाहेब, आपण बोलत नाही. ओरडता." दोघे शिलेदार पुढे सरले. पंत घाईने म्हणाले, "यात आपला दोष नाही. हळू बोलावयास जागाच मिळाली नाही. माझे मागे बसावे, ती जागा दाखवितो. नंतर डोके मारा." उमाऊसाहेबांनी शिलेदारांस हाताने थांबविले, पंतांकडे डोळे बारीक करोन पाहिले, लुगड्याचा काष्टा आवळिला आणि चौथऱ्यावरून उतरल्या.

फटफटी सदरेमागील पठारावर निघाली. राणीसाहेबांनी सवयीने पंतांचे कानाशी आरोळी दिली, "जोरात चालीव!" आणि पंत दचकलेच, परंतु त्याहून अधिक त्या स्वतः दचकल्या, कां की आरोळी वाऱ्याने नेली नाही, तेथेच घुमली. मग त्या थोडे उतरोन बोलिल्या. मग आणखी उतरोन. आणि मग पंतांचे खांद्यापाशी, नातवास निजविताना बोलावे तैसा एक मऊ, किंचित कापरा, पोरीसारखा आवाज आला, "वकील, माझा आवाज ऐसा आहे होय?" पंत म्हणाले, "होय, आईसाहेब." मग त्या जे बोलिल्या आणि पंत जे बोलिले ते खालच्या आवाजात जाहले, आणि ते दोघांखेरीज कोणी ऐकिले नाही. परत येताच उमाऊसाहेब चौथऱ्यावर चढल्या आणि, तोच पहिला डोंगर हलविणारा आवाज काढोन, दोन हजार माणसांस ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "खिंड उघडा!"

सारांश, मार्गशीर्ष वद्य एकादशीस खिंडीखाली वर्षभर अडकोन पडलेले पहिले मीठ पहाडास चढिले आणि बर्फ त्यानंतर चौथे दिवशी पडिले. चैत्रात लाकूड उतरले. पागेतील एकूण एक फटफटीस तावदान जाहले, दौलतजींचे सर्वांत शेवटी. पठारावर खिंडीचे कलम नेमके काय ठरले ते कोणत्याही बखरीत नाही, पंतांस पुसावे तर मान हलवितात. परंतु दोहींकडून ते आजवर मोडिले नाही. आणि उमाऊसाहेबांनी पायंडा पाडिला की काठचा वकील आला म्हणजे, करार असो वा नसो, त्याने राणीसाहेबांस एकदा पठारावर फिरवोन आणावे, आणि त्या वेळी कोणी मागे येवू नये. इतकी हकीकत. वाचणाराचे वाटेस वारा बेताचा असो.