इन्व्हर्टरचा कौल

मिठबावातल्या आमच्या वाडीसाठी उचलून नेता येईल असा इन्व्हर्टर घ्यायचे ठरले आणि समिती स्थापन झाली. मी निवृत्त मुख्याध्यापक. न कळणाऱ्या विषयाचा अध्यक्ष होण्याचा मला सराव आहे.

निकड एकच होती. वीज गेली की शेजारच्या यशोदाकाकींचे ऑक्सिजनचे मशीन बंद पडे.

जामसंड्याचा दुकानदार म्हणाला, "मॉडिफाइड वेव्हचो इन्व्हर्टर स्वस्त आसा, पण बल्बाक ठीक. त्येच्यार मशीन घुमतला, तापतला. काकींका प्युअर साइन वेव्हच होयो."

विषय तिथेच संपला असता. पण मग समितीने काय करायचे? शिवाय महाग वस्तू घेतल्याचा दोष कोणालाच नको होता. मी देवाला कौल लावण्याची सूचना मांडली. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा देवा महाराजा, प्युअर घेवचो आसात तर उजवो कौल दी." आम्ही "व्हय महाराजा" म्हणालो. उजवी पाकळी पडली.

देवाने दिलेली वस्तू म्हणून इन्व्हर्टर देवळात ठेवला. तो हलवण्यापूर्वी पुन्हा कौल घ्यावा, हा नियम माझा. तो एकमताने मंजूर झाला; हात तुम्हीही वर केला होता.

आषाढात तारांवर माड पडला. काकींची सून सारिका भिजत देवळात आली. "मास्तरांनू, इन्व्हर्टर द्या. आयेक धाप लागली हा."

"नियम आसा गो," मी म्हणालो. गुरवाने कौल लावला. दमट हवेत पाकळ्या हलेनात. देव विचार करीत असावा, असे मी तिला समजावले.

"देवान उन्हाळ्यातच सांगल्यान मा? परत कित्याक इचारतास?" म्हणत तिने इन्व्हर्टर उचलला. मी तिच्यावर छत्री धरली. समितीचा सहभाग तेवढाच. मशीन न घुमता चालले आणि काकींचा श्वास सावरला. मला खरोखर हायसे वाटले.

वीज आल्यावर इन्व्हर्टर नियमाप्रमाणे देवळात परतला. काकींचा जीव वाचवल्याबद्दल देवळासमोरच्या मांडवात माझा सत्कार झाला. भाषणाच्या मध्यावर वीज गेली, माइक बंद पडला. इन्व्हर्टर आणावा का, असे कोणीतरी विचारले. मी कौल न लावताच मान डोलावली.

माइक सुरू झाला. आवाज स्वच्छ होता. मी काकींच्या श्वासाबद्दल बोलत असताना सारिका धावत आली, वायर उपसली आणि इन्व्हर्टर घेऊन गेली.

"भाषण तरी पुरा होवक देवचा होता," मांडवातून कोणीतरी म्हणाले. आवाज मी ओळखला. पण तुम्ही माझ्यासाठी टाळ्याही जोरात वाजवल्या होत्या, म्हणून नाव घेत नाही.