रविवारचं सुतक

ओमने आपल्या सुपरवायझरच्या वडिलांना मारलं, तेव्हा त्याच्या मनात त्यांच्याविषयी वाईट असं काहीच नव्हतं. त्याला फक्त बायकोबरोबर पिझ्झा खायचा होता.

लग्नाला चार-पाच महिने झाले होते. राहुरीच्या अलीकडे उसाच्या रानात घर, घरात आईवडील, ओटीवर सतत कोणीतरी पाव्हणा. नवराबायकोला एकमेकांशी पूर्ण वाक्य बोलायचं तर विहिरीपर्यंत जावं लागे, आणि तिथेही मोटर चालू असे. बायको, ज्ञानेश्वरी, विद्यापीठाच्या होस्टेलवर राहून शिकलेली. तिथे तिला पिझ्झा-पास्त्याची गोडी लागली होती आणि ती तिने ओमला लावली होती.

घरी इटालियन करून पाहिलं नाही असं नाही. ज्ञानेश्वरीने एकदा पांढऱ्या सॉसमधला पास्ता केला होता. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, चमच्याच्या टोकावर घेऊन चव पाहिली. "कोन आजारी हाय का?" त्यांनी विचारलं. सून फोन घ्यायला बाहेर गेली तेवढ्यात त्यांनी पातेल्यात काळ्या मसाल्याची तर्री सोडली. नानांनी, म्हणजे ओमच्या वडिलांनी, त्यात भाकरी कुस्करली. चव चांगली झाली होती, हीच खरी अडचण होती. तक्रार करायला जागा राहिली नाही.

'हॉटेलात जेवायला जातो' असं सरळ सांगायची सोय नव्हती. मनकर्णाबाईंचं म्हणणं असं, की धडधाकट आई घरात असताना पोरगा हॉटेलात जेवला, तर लोक त्या आईची तब्येत बघायला येतात.

म्हणून मयत. लग्न सांगितलं तर आहेर लागतो आणि सगळं घर निघतं. दवाखाना सांगितला तर दोघांपैकी कोणाला काय झालंय यावर गावात चर्चा होते. दहावा सांगितला तर नाना आधी जीपमध्ये बसतात. पण कंपनीतल्या कोणाच्या तरी घरी मयत झालंय, नुसतं भेटून यायचं, याला कोणी नाही म्हणत नाही, आणि फार विचारतही नाही.

"मग मी कशाला येतेय?" ज्ञानेश्वरीने विचारलं होतं.

"बायांमध्ये बसायला बाईमाणूस लागतं," ओम म्हणाला. हे मनकर्णाबाईंनाही पटलं.

असे सुपरवायझरचे वडील गेले आणि नगरमध्ये सावेडीतल्या इटालियन हॉटेलात दोघांनी दुपारभर गप्पा मारल्या. घरी आल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे सुतकाच्या घरून आलेल्या माणसाला उंबरा ओलांडण्याआधी अंघोळ करावी लागते. मनकर्णाबाईंनी मागच्या अंगणात टाकीचं गार पाणी काढूनच ठेवलं होतं. दुसरं म्हणजे सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घेत नसतात, त्यामुळे ही दोघं उपाशी असणार. ताटं वाढलेली होती. अख्खा पिझ्झा पोटात असताना ओमने दोन भाकरी खाल्ल्या, आणि आईने तिसरी वाढली.

तरीही रविवार सुखाचा होता. महिन्यातून एकदाचा, पण दोघांचाच. पुढच्या खेपेला सुपरवायझरची आई धसक्याने गेली. मग स्टोअरकीपरचे आजोबा. ज्ञानेश्वरीचे याबाबतीत नियम होते. माणूस वयस्कर हवा, बीपी-शुगरचा हवा, झोपेत गेलेला हवा. उगाच कोणाला त्रास नको.

एकदा परत आल्यावर ताटात पिठलं होतं आणि ते विलक्षण लागत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आई, यात काय घातलंय?" ओमने विचारलं.

"हात," मनकर्णाबाई म्हणाल्या.

खरं तर मयतांच्या बाबतीत नाना आणि मनकर्णाबाई यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. दोघं दर दोन आठवड्यांनी एखाद्या मंगळवारी धुतलेले कपडे घालून कुठल्यातरी दहाव्याला नगरला जात. संध्याकाळी मनकर्णाबाई जेवत नसत. "दुःखानं भूक मरती," म्हणत. मागच्याच महिन्यात केडगावचे आसाराममामा गेले. ओम येतो म्हणाला, तर आईने त्याला कामावर पाठवलं. शेवटी त्याने मोबाईलवर मामांचा फेटेवाला फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली असं स्टेटस ठेवून आपलं कर्तव्य केलं.

हळूहळू गावाने हिशेब लावला. फाट्यावर छगनचं चहाचं दुकान होतं. ओमची गाडी दिसली की छगन कपबशी ठेवून विचारायचा, "आज कोन?"

एकदा त्याने ओमला जवळ बसवूनच घेतलं. "ओम्या, तुमच्या कंपनीत बनवता काय?"

"पंपाचे सील."

"मंग मानसं कशानं मरत्यात?"

हाच प्रश्न मनकर्णाबाईंनाही पडल्यासारखा दिसत होता. ओमच्या गाडीला लिंबू-मिरची आली. मग आला लग्नाचा पहिला वाढदिवस, नेमका रविवारी. ज्ञानेश्वरीने नवा ड्रेस काढून ठेवला होता, आणि ओमकडची माणसं संपली होती.

"आता कोन राहिलं?" आईने भाकरी थापता थापता विचारलं.

ओम गडबडला. डोळ्यांसमोर पहिला चेहरा आला तो त्याने सांगून टाकला. "शामकांत साहेब."

भाकरी थापायचा आवाज थांबला. शामकांत साहेब म्हणजे त्याचे मॅनेजर. ओमच्या लग्नात ते जेवून गेले होते. वय बेचाळीस.

"कसं काय?" ओटीवरून नाना म्हणाले.

"झोपेत," ज्ञानेश्वरीने नियमाप्रमाणे सांगितलं.

मनकर्णाबाई हात धुऊन बाहेर आल्या. "नोकरी सोड," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊन राजीनामा दे. आपल्या गोठ्यात चार गाया हायेत. त्यातली एक तरी मेली का?"

"अगं आई..."

"आनि साहेबाच्या घरी तुमी दोघंच न्हाई जायाचं. आपल्या ताटात जेवलेला मानूस. आमी बी येतो. कुठं ऱ्हात्यात?"

"भिंगारला," ओम म्हणाला, कारण ते खरंच भिंगारला राहत होते.

नाना जीप चालवायला बसले. ओम शेजारी, सासूसुना मागे. ज्ञानेश्वरीने नवा ड्रेस परत घडी करून साधी साडी नेसली होती. ओमच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. भिंगारला पोचायचं, बेल वाजवायची, आणि शामकांत साहेब दार उघडणार. त्यानंतर रविवार संपला आणि नोकरीही. उरलेलं आयुष्य गाया आणि विहिरीची मोटर.

विळद घाट चढताना त्याच्या हातातला मोबाईल वाजला. पडद्यावर काळा गॉगल लावून हसणारे शामकांत साहेब होते. खाली त्यांचं नावही होतं.

मनकर्णाबाई दोन सीटच्या मधून पुढे वाकल्या. त्यांनी नाव नीट वाचलं.

"उचल," नाना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "काय म्हनत्यात बघ. मोठ्या आवाजात ठेव."

ओमने उचलला.

"ओम, उद्या जरा लवकर ये. ऑडिटवाले येतायत."

"हो साहेब."

"तब्येत इचार," मागून कुजबुज आली.

"साहेब, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. थोडी सर्दी आहे. का रे?"

"काही नाही साहेब. सहज."

फोन बंद झाला. मनकर्णाबाई मागे टेकल्या. "मेल्यावर बी सर्दी जात न्हाई बघा मानसाची," त्या नानांना म्हणाल्या.

"न्हाई जात," नाना म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

नागापूर आलं. शेवटी ज्ञानेश्वरीनेच धीर केला. "आई, चूक माझी आहे. पिझ्झा मला खायचा असतो."

"चुकीचं मागनं बघू. आधी भूक लागलीय."

आता भिंगारला जायचं कारण उरलं नव्हतं. गाडी वळवून घरी न्यायची एवढंच बाकी होतं. पण नानांनी जीप सावेडीत आत घातली. उजवीकडे वळले, डावीकडे वळले आणि एका लिंबाच्या झाडाखाली बरोबर सावलीत गाडी मागे घेऊन लावली. समोर ते इटालियन हॉटेल होतं. ओमने रस्ता सांगितला नव्हता. हॉटेलचं नावही त्याने घरात कधी काढलं नव्हतं.

काचेचं दार उघडून वेटर बाहेर आला. "या नाना. आज रविवारी कसे? तुमचा तर मंगळवार असतो."

ओमने बायकोकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी सासूकडे बघत होती. मनकर्णाबाई पदर सावरत कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाल्यासुद्धा होत्या.

"मला ते पापडावानी पातळ, तुळशीचं पान असलेलं," त्यांनी मेनू न उघडता सांगितलं. "ह्यान्ला पांढरा पास्ता. तिखट आजिबात नको, ह्यान्ला सोसत न्हाई."

"आई," ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "माझ्या पांढऱ्या पास्त्यात तुम्ही तर्री घातली होती."

"तवा मला कुठं म्हायती हुतं."

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या मयतानंतर धुण्यात ओमच्या खिशात पिझ्झावर भुरभुरायच्या मसाल्याच्या दोन पुड्या आणि हॉटेलचं नाव छापलेला कागदी रुमाल सापडला होता. एक पुडी मनकर्णाबाईंनी पिठल्यात टाकली. ते पिठलं नानांनी बोटं चाटून संपवलं. मग मंगळवारी दोघं त्या रुमालावरच्या पत्त्यावर आले. मालकाला दोन शब्द सुनावायचे होते.

"सुनावले का?" ओमने विचारलं.

"आधी खाऊन मग सुनावू म्हनलं," नाना म्हणाले. "अजून ऱ्हायलंय."

ओमच्या डोक्यात आता उलटा हिशेब सुरू झाला. "म्हणजे ते मंगळवारचे दहावे..."

"हं."

"आसाराममामा?"

"जिता हाय की," नाना म्हणाले. " तू ते श्रद्धांजलीचं मोबाईलवर टाकलं, तवा लई भडकला. मी म्हनलं, मामा, अशानं आयुष्य वाढतं."

"मग आम्हाला गार पाण्याने अंघोळ का घालायचात?"

"सोंग घेतलं तर पुरतं घ्यावं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आनि जेवाय वाढलं ते कवा खरं बोलता ते बघाया. तू तर चौथी भाकर बी खाशील, पन बोलनार न्हाई. साहेबावर आला तवा मातर भ्या वाटलं. बाहेरची मानसं संपली हुती. म्होरला नंबर आमचाच हुता."

"तुम्ही तरी सांगायचं होतं, आई," ज्ञानेश्वरी म्हणाली.

मनकर्णाबाईंनी तुळशीचं पान अलगद बाजूला काढलं, मग खाल्लं. "सांगितलं असतं तर दर टायमाला चौघं आलो असतो. तीस वर्षं झाली लग्नाला. घरात गडी, पाव्हनं, गाया. ह्यांच्याशी निवांत बोलले ती हितंच."

नाना पास्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

वाटणी लगेच झाली. रविवार धाकट्यांचा, मंगळवार थोरल्यांचा. मयतं आपापली आणायची. शामकांत साहेबांना मात्र परत हात लावायचा नाही.

परतताना फाट्यावर छगन उभाच होता. नानांनी जीप हळू केली आणि चौघांनी चेहरे पाडले. "कसं हुतं?" छगनने विचारलं.

"लई जड झालं," नाना पोटावर हात ठेवून म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घरी शेजारच्या राहीबाई कुंपणाशी थांबल्या होत्या, त्यामुळे अंघोळी टाळता आल्या नाहीत. पण मनकर्णाबाईंनी चूल पेटवून हंडाभर पाणी तापवलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच ओमच्या अंगावर गरम पाणी पडलं. भाकरी मात्र कोणी टाकली नाही. चौघं ओटीवर बसले. पोट भरलेलं, मन शांत, आणि कोणालाही खायचं नव्हतं.

ते राहीबाईंनी पाहिलं. ज्या घरात मनकर्णा चूल पेटवून नुसतं पाणी तापवते, त्या घरावरचं दुःख साधं नसणार. थोड्या वेळात त्या मोठं पातेलं आणि भाकरीचं टोपलं घेऊन ओटीवर आल्या.

"साहेब म्हंजी बापासारखाच," त्यांनी चार ताटं वाढत सांगितलं. "पन असं उपाशी ऱ्हाऊ न्हाई. दोन दोन भाकरी खावा. मी बसते हितं."

आणि त्या बसल्या.

नानांनी ताटाकडे पाहिलं. पिठलं होतं. मनकर्णाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, किती दिवसांनी, अगदी निर्मळ समाधान होतं. "आई, घे ना," तो म्हणाला. "तिसरी मी वाढतो."

मनकर्णाबाईंनी उसासा टाकला, कमरेच्या पिशवीतून एक छोटी कागदी पुडी काढली आणि पिठल्यावर भुरभुरली.

"हे काय गं?" राहीबाईंनी विचारलं.

"अंगारा."

राहीबाईंनी भक्तिभावाने हात पुढे केला, चिमूटभर तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग बोट चाटून पुन्हा एक चिमूट घेतली.

"जागृत हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "म्होरल्या मयताला मी बी येते."