कपाटातला आवाज

"विकत आणायचं ते अडाण्यांनी! आपण बनवायचं!" असं फ्यूजराव गरजले, आणि त्यांच्या आईने मुकाट्याने मेणबत्त्या कुठे आहेत ते बघून ठेवलं. फ्यूजरावांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की अख्ख्या इमारतीचे दिवे जायचे. हे नाव काही त्यांना बारशात मिळालेलं नव्हतं.

या वेळी मात्र कारण मोठं होतं. बायकोला पुस्तकं वाचून दाखवायचं वेड. श्राव्य पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत भलीमोठी कादंबरी वाचायला कुणीतरी हवं होतं. तिने घरीच नमुना रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर आलं, 'आवाज गोड आहे, पण सपाट वाटतो. खोली हवी. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पुन्हा पाठवा, नाहीतर दुसऱ्या बाईंना काम देऊ.' ते वाचून ती दिवसभर आपलाच नमुना पुन्हा पुन्हा ऐकत बसली. इतकं मनापासून तिने आजवर काही मागितलंच नव्हतं.

"दोष तुझा नाही, प्रीअँपचा आहे!" फ्यूजरावांनी निदान केलं. "माइकमधून येणारा आवाज मुंगीएवढा असतो. त्याला हत्ती करतो तो प्रीअँप. हत्ती चांगला हवा!"

सुटे भाग आणून घरी जोडायचे प्रीअँप बाजारात ढिगाने होते. एकात तांब्याच्या तारेचं वजनदार वेटोळं होतं, ते म्हणे खोलीसाठी नावाजलेलं. एकात दिव्यासारखी उजळणारी काचेची नळी होती, ती उबदारपणासाठी. आणखी एक अगदी स्वस्त होता, खोलीबद्दल त्याच्या माहितीपत्रकात अवाक्षर नव्हतं. निवड होईना, म्हणून फ्यूजरावांनी तिन्ही मागवले. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर निघत होता आणि घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवत होते. एकदा दिवे गेले. एकदाच! फ्यूजरावांनी हा शुभशकुन मानला.

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. परीक्षक तिघे. फ्यूजरावांची आई, शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले सासरे आणि तळमजल्यावरचे शिंपीकाका. कुणी डब्याचं रूप बघून गुण देऊ नयेत म्हणून शिंपीकाकांनीच आणलेल्या चिंध्यांनी तिघांचे डोळे बांधले. बायकोला माइकसकट बेडरूममधल्या कपाटात बसवलं आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून वरून रजई टाकली.

"अहो, गुदमरतंय!"

"कलेसाठी थोडं सोसावं लागतं!" म्हणत फ्यूजरावांनी दार लावलं. एकच पान तिने तीनदा वाचायचं होतं. माइकची वायर हॉलमधल्या डब्यात आणि तिथून स्पीकरमध्ये.

पहिला डबा वेटोळ्याचा. वादळी रात्र, एकटी बाई, दारावर थाप. "विहिरीत पडून बोलतेय का ही?" आई म्हणाली. सासऱ्यांनी पस्तीस गुण दिले.

दुसरा स्वस्तातला. "जशी आहे तशी वाटतेय," शिंपीकाका म्हणाले. "रजईत बसल्यासारखी."

आता तिसरा, काचेच्या नळीचा! फ्यूजरावांनी घाईघाईत प्लग बदलला आणि ओरडले, "कर सुरू!" क्षणभर काहीच नाही. मग आवाज आला. आणि काय आला! जवळचा, भरलेला, अंगावर काटा आणणारा. थाप पडली तशी आई दचकली. फ्यूजरावांनी स्वतःही डोळे मिटून घेतले.

"शंभरपैकी शंभर!" सासरे ओरडले. आयुष्यात त्यांनी कुणाला शंभर दिले नव्हते.

"खोली आहेच, पण ऊबही आहे हो!" शिंपीकाका म्हणाले. "पार गुडघ्यापर्यंत जाणवतेय!"

"नळीची किमया!" फ्यूजरावांनी विजयी मुद्रेने डोळे उघडले. नळी मात्र विझलेली होती. तिचा प्लग जमिनीवर लोळत होता. सॉकेटमध्ये होता तो सोल्डरिंगच्या सळईचा, आणि ती सळई शिंपीकाकांच्या गुडघ्याशी टेबलक्लॉथला भोक पाडत होती. बेडरूमच्या दारात खांद्यावर रजई घेतलेली बायको उभी होती, हातात पुस्तक.

"तुम्ही 'कर सुरू' म्हणालात," ती म्हणाली. "पण मला आत श्वासच घेता येईना. बाहेर येऊन वाचलं. चुकलं का?"

फ्यूजरावांनी सळईचा प्लग उपसून काढला. घड्याळात साडेचार वाजले होते. बायकोचे डोळे भरून आले. "गेलं ना काम?"

"काम गेलं चुलीत!" आईने डोळ्यांवरची चिंधी ओढून काढली. "दारात कोण होतं ते सांग आधी! वाच पुढे!"

"इथेच वाच," सासरे म्हणाले. "आम्ही हलत नाही."

फ्यूजरावांच्या डोक्यात कधी नव्हे तो खरा प्रकाश पडला. त्यांनी कपाटातून माइक ओढला, हॉलमध्ये आणला आणि दुसऱ्या, स्वस्तातल्या डब्याला जोडला. बायको तिघांकडे बघत वाचू लागली. आई पदराने डोळे पुसत होती, शिंपीकाका खुर्चीच्या टोकाला आले होते. आता ती शब्द म्हणत नव्हती, माणसांना गोष्ट सांगत होती. पाचाला पाच मिनिटं असताना नमुना गेला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. फोनच्या स्पीकरभोवती सगळे गोळा.

"काय खोली आहे हो आवाजाला!" कंपनीच्या बाई म्हणाल्या. "पुस्तक तुमचं!"

घरात असा जल्लोष झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले. बायको हसत होती, रडत होती, सासूच्या गळ्यात पडत होती. फ्यूजरावांची छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं गेलं.

"मॅडम, प्रीअँप मी स्वतः बनवलाय!"

"वा! तो बदलू नका. समोर बसून ऐकणारी माणसं आहेत हे कळतं, तीही बदलू नका, त्यांच्यामुळेच वाचनाला जीव आलाय. फक्त मध्ये मध्ये कुणीतरी 'बघा, काय पकडलंय माझ्या डब्याने!' म्हणत असतं ना, त्यांना तेवढं बाहेर बसवा."

तेव्हापासून संध्याकाळी हॉलमध्ये कादंबरी रंगते आणि दाराबाहेर जिन्याजवळ स्टुलावर फ्यूजराव बसतात. मांडीवर डबा, दाराखालून आत गेलेली वायर, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. परवा वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिना चढताना थांबले. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, मग स्टुलाकडे, आणि आवाज हळू करून विचारलं, "घराबाहेर काढलं का हो?"

"छे, छे!" फ्यूजराव डब्याचं बटण केसभर फिरवत म्हणाले. "तांत्रिक कारण आहे!"