पौलसकाका आणि सापगावची वाट

पौलसकाकांचं दुखणं मोठं शिस्तीचं होतं. शहापूर सोडून सापगावच्या वाटेला लागलं की डोकं धरायचं. नदी दिसली की पोटात कळ यायची. आणि वाडीची पहिली झोपडी नजरेत आली की गुडघा जो धरायचा, तो सुटायचं नाव घ्यायचा नाही. मग काका वाटेच्या कडेला टेकून म्हणायचे, "मास्तर, प्रभूची इच्छा आज दिसत नाय." आम्ही मागे फिरलो की गुडघा ठणठणीत!

मी शाळामास्तर, आणि काकांच्या कीर्तनाचा पेटीवाला. हो, कीर्तनाचाच. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमची शहापूरची ख्रिस्ती मंडळी मूठभर, पण डोक्याला फेटा, हातात चिपळ्या अशा थाटात काका येशूची कथा लावत, तेव्हा म्हशाच्या जत्रेतले शेतकरी बैलांचा सौदा अर्धवट टाकून ऐकत उभे राहत. कोणी टवाळी केली तर काका तीही गाण्यात गुंफून त्यालाच ऐकवत. भीती कशाशी खातात हे या माणसाला ठाऊक नव्हतं. फक्त सापगावच्या वाडीचं नाव काढायचं नाही.

कारण ती त्यांची स्वतःची वाडी. तिथे ते पौलस नव्हते, पांड्या होते. तरुणपणी दारूपायी आईचा पाण्याचा हंडा विकून परागंदा झालेला पांड्या. पुढे दारू सुटली, बाप्तिस्मा झाला, नाव बदललं, पण वाडीच्या तोंडी हंडाच राहिला. "दुनियेला सांगन, मास्तर," ते म्हणायचे, "पन ज्यांनी मला बांधावर लोळताना बघितलाय, त्यांना कोनत्या तोंडानं सांगू?"

आई अजून वाडीतच होती. दर बाजाराला काका तिच्यासाठी सुकट, गूळ, कधी लुगडं घेत आणि माझ्या हाती धाडत. मी परतलो की दारातच अडवून विचारत, ती काय बोलली? म्हातारी फक्त "ठेव तिकडं" म्हणायची. मी पदरचे चार गोड शब्द घालून सांगायचो, आणि काका ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.

शेवटी मीच वैतागलो. म्हातारी दिवसेंदिवस थकत चाललेली, आणि हा गडी नदीपाशी पोट धरून बसतोय! मी वाडीत परस्पर सांगून टाकलं की रविवारी ऊन कललं की कीर्तन. पेटी सकाळीच बैलगाडीतून पुढे धाडली. काकांना कळलं तेव्हा ते माझ्याशी बोलेनासे झाले, पण लोकांना शब्द दिल्यावर तो मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, मग तो शब्द मी का दिलेला असेना. त्या दिवशी डोकं, पोट, गुडघा सगळं क्रमाने दुखलं. मी कशालाच थांबलो नाही.

अंगणात सगळी वाडी जमलेली. पुढे चटईवर आई. काकांनी चिपळ्या वाजवल्या, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. मी नुसता सूर धरून बसलो. तेवढ्यात लहानपणी त्यांच्याबरोबर गुरं राखलेला बाळू मागून म्हणाला, "पांड्या, हंडा कुठं हाय?"

हशा पिकला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पळतो. मी तर पेटी मिटायलाच घेतली.

काका मात्र हसणं ओसरेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हंडा मी दारूत घातला, बाळू. माजी आय मंग मडक्यानं पानी भरीत राहिली. असल्या मानसाला कुनी सावरला, तेच सांगाय आलोय. आयकायचा असंल तर बसा."

कोणी उठलं नाही. त्या दिवशी काका जे गायले, ते म्हशालाही कधी गायले नव्हते. माझी बोटं मागे पडायला लागली. बाळू कधी सरकत सरकत पुढे येऊन बसला, मला कळलंही नाही. मी मनातून इतका खूश होतो की काय सांगू!

लोक पांगले. काका आईसमोर येऊन उभे राहिले. म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"येवडा आवाज हाय तुला," ती म्हणाली, "आन् येवडी वर्सं म्हशाला जाऊन वरडत होतास. मी हितंच होती रे."

काकांनी फेटा सोडला आणि ते चटईवर तिच्या शेजारी बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, तुमी व्हा फुडं. मी आज हितंच ऱ्हातो."