गाण्याला परवाना

कासा गावच्या भोये गुरुजींना कुणी मोबाईलवर गाणं ऐकवायला गेलं, की ते आधी विचारतात, "परवाना?"

गुरुजी निवृत्त शिक्षक. छंद एकच. लाइव्ह मैफलींची रेकॉर्डिंग इंटरनेटवर शोधायची, तीही फक्त कलाकारानं किंवा घरच्यांनी स्वतः टाकलेली. खात्री नसली तर ते पत्र पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत ऐकत नाहीत. एका सतारवादकाच्या उत्तरासाठी त्यांनी दोन पावसाळे काढले.

मैफलीत आवाज करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. रेकॉर्डिंगमध्ये कुणी खोकलं तरी म्हणतात, "घरून काढा पिऊन यायचं ना!"

अच्छाडला ढाबा चालवणारा रमण हा त्यांचा जुना विद्यार्थी. एकदा पेनड्राइव्ह घेऊन आला. "गुरुजी, शंभर मैफली आहेत. तुमची डहाणूवाली पण. कुणीतरी खिशात रेकॉर्डर ठेवून घेतलेली."

गुरुजींनी पेनड्राइव्ह हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग परत दिला.

"रमण, तुझ्या ढाब्याजवळ नाक्यावर ट्रकला कागद मागतात ना? मग गाण्याला नको?"

"गाण्यात कुठं माल भरलाय, गुरुजी?"

"त्यातच तर भरलाय."

डहाणूची ती दुपारची मैफल त्यांनी पत्नीसोबत ऐकली होती. त्या चार वर्षांपूर्वी वारल्या. रमण गेल्यावर गुरुजींनी गायिकेच्या मुलीला पत्र लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर तिचा फोन आला. मी, त्यांचा शेजारी, समोरच बसलो होतो. मूळ टेप घरी सापडली, ती म्हणाली; ऑनलाइन टाकते, फक्त श्रोत्यांचे आवाज साफ करून घेते.

गुरुजी उभे राहिले. "नको, ताई. भैरवीच्या आधी एक बाई बोलतात. तेवढं राहू द्या."

"अहो, फार मोठ्यानं बोलल्यात त्या."

"मोठ्यानंच बोलायच्या."

रेकॉर्डिंग आलं. गुरुजींनी आधी खालची परवानगीची ओळ वाचली, मग सुरू केलं. पावणेदोन तास आम्ही ऐकत होतो. भैरवीसाठी तंबोरे पुन्हा जुळत असताना श्रोत्यांतून स्वच्छ आवाज आला, "अहो, उठा आता. कासाची गाडी जाईल."

गुरुजी खुर्चीत सावरून बसले.

"गेलीच," ते म्हणाले. "जीपनं आलो. चारोटी नाक्यापर्यंत मला बोलत होती."

मग बोटानं रेकॉर्डिंग थोडं मागे घेऊन त्यांनी ते पुन्हा लावलं.