वडगावातला सिंधुदुर्ग

आमच्या वडगावातून समुद्र गाठायचा तर आंबोली घाट उतरावा लागतो. पण दिवाळीत तो परशरामअण्णांच्या अंगणात येतो. गल्लीतली पोरं मातीचे रायगड, प्रतापगड करतात. सत्तरीचे विणकर अण्णा करणार सिंधुदुर्गच. भोवती सोडलेलं पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्याला लागायचं. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "भरती हाय. उतरंल."

खऱ्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलंय, याचा अण्णांना भारी अभिमान. कुणी घर बांधो, दुकान काढो, अण्णा माग बंद करून विचारणार, "पायात शिसं घातलंय न्हवं?" माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही हेच विचारलं. मालवणची सहल करून आलेल्यांची तर तोंडी परीक्षाच. "किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी किती?" उत्तर चुकलं की, "मग निस्तं मासं खायाला गेलतासा व्हय?"

गंमत म्हणजे अण्णांनी स्वतः तो किल्ला कधी पाहिलेला नाही. होडीत बसायला ते घाबरतात. सगळा इतिहास त्यांच्या बायकोचा, आमच्या आक्कांचा. आक्कांचं माहेर मालवण. लग्न होऊन आल्या तेव्हा इथं करमेना, म्हणून मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता किल्ल्याच्या गोष्टी सांगायच्या आणि अण्णा विणता विणता ऐकायचे.

अलीकडे आक्कांना विसर पडत चाललाय. गेल्या श्रावणापासून तर बोलणंच थांबलं. अण्णांनाही ओळखेनात.

तरी दिवाळीला किल्ला झालाच. तो बघून मी हरखलो. अण्णांची चूक सापडली होती! सिंधुदुर्गाचा दरवाजा तटाच्या वळणात दडलेला, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. इथं तो चक्क समोर.

"अण्णा, दरवाजा चुकला की!"

"गप रं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मुद्दाम केलंय. किल्ल्याचं चुकीचं बोललं की ती कधी गप बसायची न्हाय."

पायरीवर आक्का कुठंतरी बघत बसलेल्या. नरकचतुर्दशीला काही नाही. पाडव्याला अण्णांनी दरवाजा मोठा केला. भाऊबीजेला तो तटापेक्षा उंच झाला आणि पोरं खिदळायला लागली. मला मात्र बघवेना.

तेवढ्यात आक्कांची नजर किल्ल्यावर थांबली. कपाळाला आठी पडली.

"असो दरवाजो खय असता?"

अण्णांच्या हातातलं खुरपं गळालं. "चुकलं बघ माझं," ते चिखलातच बसले. "कुठं करू, सांग की गं."

आक्का उठल्या, लुगडं सावरलं आणि पाण्यात उतरल्या.