आ वासलेला वाचक

टर्नरच्या व्याह्यांनी सकाळी सकाळी फोन केला आणि सांगितलं, "तुमची कादंबरी कालच वाचून संपवली. फार सुरेख!" दुसरा कुणी असता तर आभार मानून मोकळा झाला असता. टर्नरने विचारलं, "नावाड्याच्या बायकोचा कुठला पाय मोडतो?"

मग व्याही चाचपडत म्हणाले, "उजवा?"

"मोडतच नाही! ती बाई चारशे बारा पानं धडधाकट चालते!"

"अहो, मी आपली वरवर नजर फिरवली. सार लक्षात आलं."

"सार? सारच द्यायचं असतं तर पोस्टकार्डावर लिहून पाठवलं असतं! अकरा वर्षं कशाला घासली मी?"

बायकोने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि व्याह्यांच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली.

टर्नर हे त्याचं नाव नव्हे, काम. कारखान्यात लेथवर लोखंडी दांडे कातण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. शिक्षण सातवी. पुढचं सगळं स्वतःच, जेवणाच्या सुट्टीत, तेलकट बोटांनी पानं उलटत. लोखंडात केसाएवढी चूक झाली की दांडा भंगारात जातो, हे ज्याच्या अंगात भिनलंय, त्याला "वरवर" हा शब्दच शिवीसारखा लागणार. निवृत्तीच्या आधी आणि नंतर मिळून अकरा वर्षांत त्याने एका नावाड्यावर कादंबरी लिहिली. नदीवर पूल येतो आणि नावाड्याचं काम जातं, एवढीच गोष्ट. ऐंशी प्रती वाटल्या. ऐंशी जणांनी "वाचली" म्हणून सांगितलं. टर्नरने ऐंशी जणांना पायाचा प्रश्न विचारला. बेचाळीस जण उजवा म्हणाले, अडतीस जण डावा.

त्याला ना पैसा हवा होता ना नाव. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला एक माणूस समोर उभा राहावा, एवढंच त्याला हवं होतं. बायकोची गणती तो करत नसे. तिने अकरा वर्षं तुकड्यातुकड्यांनी सगळं ऐकलं होतं आणि तिच्या मते तेवढी शिक्षा पुरेशी होती.

अशात वाचनालयाचं पत्र आलं. कादंबरी स्पर्धेत तुमचं पुस्तक अंतिम फेरीत आलं आहे. दोन परीक्षक आहेत, एक प्राध्यापक आणि एक दातांच्या डॉक्टर. डॉक्टरबाईंना वाचायला वेळ होत नाही, त्या काम करता करता ऐकतात, तरी पुस्तक मोठ्यांदा वाचून, रेकॉर्ड करून पाठवावं.

"ऐकतात?" टर्नर ओरडला. "उद्या म्हणतील जेवायला वेळ नाही, कानात घास घाला!"

"बाबा, हल्ली सगळे ऐकतात," सून म्हणाली. "भांडी घासताना, गाडी चालवताना. माझी मैत्रीण वर्षाला शंभर पुस्तकं वाचते."

"वाचते नव्हे, भांडी घासते! पुस्तक तिथे बाजूला बडबडत असतं!"

"मी करते रेकॉर्ड. निदान मी तरी अख्खी वाचेन."

या वाक्यावर टर्नर विरघळला. सुनेने महिनाभर दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत बारा अध्याय बारा फायलींत वाचले. प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला खणखणीत आवाजात सांगायची, "अध्याय पहिला", "अध्याय दुसरा". शेवटचा अध्याय संपवून ती बाहेर आली तेव्हा टर्नर दाराशीच उभा होता. डोळे पाणावलेले.

"कसा वाटला शेवट?"

सुनेने कपाळ पुसलं. "शेवटी तो मेला का हो बाबा?"

"तूच वाचलंस ना आत्ता!"

"मोठ्यांदा वाचताना श्वास सांभाळायचा, उच्चार सांभाळायचे. अर्थाकडे लक्ष द्यायला फुरसत कुठे असते?"

टर्नरने रागारागातच फायली वाचनालयाला पाठवून दिल्या. आणि तीन महिन्यांनी बातमी आली, पहिलं बक्षीस. परीक्षकांचं एकमत. म्हणजे दोघांनी वाचली! निदान एकाने तरी! टर्नरने इस्त्रीचा शर्ट काढला.

रविवारी सकाळी वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. डॉक्टरबाईंनी आपल्या पेशंटनाही बोलावलं होतं. पेशंट दातांच्या डॉक्टरला नाही म्हणत नाहीत. पहिल्या रांगेत टर्नरची बायको आणि सून. व्यासपीठावर टर्नर, पाठ ताठ, हात मांडीवर.

डॉक्टरबाई बोलायला उठल्या. "मी खूप पुस्तकं ऐकते, पण अशी रचना कधी पाहिली नाही. पहिल्या अध्यायात नावाडी जन्मतो. लगेच पुढच्या अध्यायात नदीवर पूल होतो! चौथ्यात नावाडी मरतो! आणि पाचव्यात, ऐका, पाचव्यात तो वल्हं धरायला शिकतो! मेल्यावर शिकतो! काय धाडस आहे लेखकाचं!"

टाळ्या कडाडल्या. टर्नरने मान वळवून बायकोकडे पाहिलं. बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

मग प्राध्यापक उठले. त्यांच्या हातात दोन कागद होते आणि वरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं टर्नरला बसल्या जागेवरून दिसत होतं, "साधी सरळ मांडणी". प्राध्यापकांनी कागदांकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं, कागदांची घडी घातली आणि खिशात टाकली.

"आधी मरण, मग जगणं!" ते डोळे मिटून म्हणाले. "ही उलटापालट वाचताना माझ्या अंगावर काटा आला. साधी सरळ मांडणी करणाऱ्यांचे दिवस आता संपले!"

पुन्हा टाळ्या. पाठोपाठ वाचनालयाच्या अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. त्यात ‘काळाची गाठ उलटी सोडणारे’ असा शब्दप्रयोग होता आणि तो अध्यक्षांनी उभ्या उभ्या पेनने घातलेला होता, शाई ओली होती.

तोवर सुनेने आपल्या फोनवर त्या फायली उघडल्या होत्या. ती व्यासपीठाच्या कडेला आली आणि कुजबुजली, "बाबा, माझी चूक झाली हो. फोन आकडे असेच लावतो. एकच्या खाली दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. त्यांनी तसंच ऐकलंय."

टर्नर उठला. बायको तोंडाला पदर लावून "अहो, बसा!" म्हणेपर्यंत माईक त्याच्या हातात होता.

"माझा नावाडी बाराव्या अध्यायात मरतो," टर्नर म्हणाला. "रीतसर, म्हातारा होऊन, अंथरुणात. तो आधी मरत नाही आणि मेल्यावर काही शिकत नाही. डॉक्टरबाई, तुमच्या फोनने पानं पिसली आणि तुम्हाला पत्ता नाही. माझ्या सुनेने दर वेळी बोंबलून सांगितलंय, अध्याय दहावा म्हणून!"

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. "मी त्या वेळी हात धूत असेन! माझे दोन्ही हात दिवसभर लोकांच्या तोंडात असतात. कान तेवढे मोकळे. ऐकणं हेही वाचनच आहे."

"तुम्ही दाढ कोरताना कादंबरी ऐकता. मी कादंबरी ऐकता ऐकता तुमची दाढ कोरली तर चालेल?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. टर्नर गर्रकन प्राध्यापकांकडे वळला. "आणि तुमच्याकडे तर छापील पुस्तक होतं. त्यात दहावा अध्याय नवव्याच्या मागेच बांधलाय. तुमच्या अंगावर कुठल्या पानावर काटा आला?"

"हे पाहा," प्राध्यापक म्हणाले, "अनुभवी माणूस पुस्तक चाळतो. शितावरून भाताची परीक्षा होते."

"शीत तरी कुठे चाखलंत? झाकणाचा वास घेऊन गेलात!"

अध्यक्ष मधे पडले. म्हणाले, "असू द्या, बक्षीस तुम्हालाच आहे, शांतपणे घ्या." यावर टर्नर आणखीच भडकला. "कशाबद्दल घेऊ? जे पुस्तक मी लिहिलंच नाही, त्याबद्दल? या हॉलमध्ये एक माणूस दाखवा, एक, ज्याला माझा नावाडी माहीत आहे!"

"मला आहे," मागून आवाज आला.

शेवटच्या रांगेत एक दणकट माणूस उभा राहिला होता. एक गाल सुजलेला. "मी बस चालवतो. डॉक्टरबाईंचा पेशंट. तीन दाढा, नऊ बैठका, तास-तासभर. माझं काम लांबलचक, म्हणून माझ्याच वेळी त्या तुमची गोष्ट लावायच्या, दीडपट वेगाने. मी तोंड उघडून पडलेला. बोलता येईना, उठता येईना, फोन बघता येईना. ऐकण्यावाचून करणार काय?"

"सगळी ऐकलीत?" टर्नरचा आवाज एकदम खाली आला.

"शब्दन् शब्द. पहिल्याच दिवशी ‘अध्याय दहावा’ म्हटलेलं ऐकलं. मी आँ आँ करून सांगत होतो की बाई, क्रम चुकला. त्या म्हणाल्या, तोंड उघडं ठेवा."

"तुम्ही सारखा हात वर करायचात, दुखतंय म्हणून!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दुखत नव्हतं, बाई. तुमच्या मशीनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. तुम्ही थांबलात की मला पुढची दोन वाक्यं मिळायची."

टर्नर व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून त्याच्याकडे चालत गेला. माईक त्याच्या हातातच राहिला होता, त्यामुळे त्याचा दमलेला श्वास साऱ्या हॉलला ऐकू येत होता. "नावाड्याच्या बायकोचा पाय..."

"कुठला पाय? तिच्या पायाला काय धाड भरलीय? पूल झाला त्या दिवशी तीच तर चालत पलीकडे गेली आणि तो होडीत बसून राहिला. मी घरी जाऊन वहीत अध्याय ओळीने लावले, तेव्हा कळलं, ती मुद्दाम चालत गेली. त्याला राग यावा म्हणून. राग आला तर तो उठेल म्हणून."

हे वाक्य त्याने पुस्तकात कुठेच लिहिलं नव्हतं. फक्त मनात होतं. त्याने माईक मागोमाग आलेल्या सुनेकडे दिला आणि बसचालकाचा हात दोन्ही हातांत धरला.

"फक्त एक सांगू का, लेखकसाहेब?"

"शंभर सांगा!"

"सातवा अध्याय कंटाळवाणा आहे."

टर्नरने हात सोडला. सातवा अध्याय म्हणजे होडीची डागडुजी. चाळीस पानं. प्रत्येक फळीचं माप, प्रत्येक खिळ्याची जाडी. त्याच्या मते अख्ख्या पुस्तकाचा कळस.

"कंटाळवाणा?"

"खिळेच खिळे आहेत हो. त्या दिवशी मी हात वर केला नाही. म्हटलं चालू दे मशीन."

"तुम्ही ऐकलाय तो!" टर्नर गरजला. "दीडपट वेगाने, तोंडात कापूस घालून! ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे! तो अध्याय डोळ्यांनी वाचायचा आहे!"

"ते एक बरोबर बोललात," बसचालक शांतपणे म्हणाला. "द्या पुस्तक."

लोक पांगले. मानपत्र टेबलावर पडून राहिलं. प्राध्यापक मागच्या दाराने गेले, डॉक्टरबाई पुढच्या. शिपाई खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होता. मधोमध दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या. एकीवर बसचालक सुजल्या गालाला हात लावून वाचत होता, ओळीखाली बोट धरून, एकही ओळ न गाळता. दुसरीवर टर्नर पुढे वाकून त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होता. बायको आणि सून दाराशी ताटकळत उभ्या होत्या.

"चला ना आता," बायकोने हाक मारली. "भूक लागलीय."

"श्श! माणूस वाचतोय!"

पाऊण तासाने बसचालकाने अध्यायाचं चाळिसावं पान उलटलं, पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून पुसला.

"मग?" टर्नरने विचारलं.

"वाचताना जास्त कंटाळवाणा आहे. ऐकताना निदान सूनबाईंचा आवाज गोड होता."

दाराशी सासू-सुनांनी एकमेकींचा हात घट्ट धरला. आता हा माणूस खुर्ची उचलणार. टर्नर खरोखरच उठला, पण खुर्ची उचलली नाही. ती ओढत ओढत त्याने बसचालकाच्या खुर्चीला चिकटवली, खिशातून पेन्सिल काढली, पुस्तक पुन्हा उघडलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"नक्की कुठल्या ओळीपासून कंटाळा आला," तो म्हणाला, "तिथे खूण करा."